वाचकांचे प्रश्न : सासूबाईंसाठी रोबो घ्यावा का?

प्रश्न : माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या असून त्यांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असल्याचे बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. दिवसभर त्या शांत असतात. पण दिवेलागणीला "म्हशी बांधायच्या राहिल्या" म्हणत दाराकडे निघतात, आणि अडवले की चिडतात. आमच्या गोठ्यात आता जनावर नाही. पुण्याचे दीर बोलणारा रोबो किंवा सील या समुद्री प्राण्याच्या रूपातला जपानी रोबो मागवू म्हणतात. कोणता घ्यावा?
— एक वाचक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : आपली अडचण मुख्यतः संध्याकाळची आहे, म्हणून निवडही त्या दोन तासांचा विचार करूनच व्हावी. ही अस्वस्थता अलीकडे एकाएकी वाढली असेल, तर खरेदीआधी डॉक्टरांना दाखवा. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता किंवा एखादे दुखणे अशा रुग्णाला नीट सांगता येत नाही आणि ते चिडचिडीतून बाहेर पडते. अंधार पडण्याआधीच घरातले दिवे लावून पाहा. सावल्यांमुळेही गोंधळ वाढतो.

बोलणारा रोबो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ही यंत्रे प्रामुख्याने इंग्रजी, जपानी अशा भाषांसाठी घडवलेली असतात आणि आपल्या भागातले कानडी शब्द मिसळलेले मराठी त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. ज्या बाईंना आपले बोलणे कुणाला कळत नाही असे आधीच वाटते, त्यांच्यासमोर न समजणारे यंत्र ठेवणे मला क्रूरपणाचे वाटते. शिवाय अशा अनेक यंत्रांत कॅमेरा आणि मायक्रोफोन असतो, तेव्हा घरातले बोलणे कुठे साठवले जाते हे विचारलेच पाहिजे. दुरुस्तीचा प्रश्नही आहेच : २०१४ साली मोठ्या गाजावाजाने आलेल्या 'पेपर' या बोलणाऱ्या रोबोचे उत्पादन २०२० मध्ये थांबले.

दीर म्हणतात तो सील म्हणजे 'पारो' असावा. ताकानोरी शिबाता यांनी तो जपानमध्ये विकसित केला आणि २००९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. तो बोलत नाही. हात फिरवला की डोळे उघडतो, मान वळवतो, आवाज करतो. वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे मांडीवर बाळ घेतल्यासारखे वाटते. किंमत मात्र सहा हजार डॉलरच्या आसपास, आणि त्यावर आयातीचा खर्च.

इतके पैसे घालण्याआधी ऑस्ट्रेलियातल्या २८ वृद्धाश्रमांत ४१५ डिमेन्शियाग्रस्तांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष दिरांना वाचून दाखवा. काहींना पारो दिला, काहींना यंत्रणा बंद केलेले तेच मऊ खेळणे, तर काहींची फक्त नेहमीची देखभाल चालू ठेवली. नेहमीच्या देखभालीपेक्षा पारोने मनःस्थिती आणि अस्वस्थता यांत फरक पडला; पण साध्या खेळण्याच्या तुलनेत पारो फक्त रुग्णांना गुंतवून ठेवण्यात, म्हणजे त्याच्याशी बोलण्यात आणि त्याच्याकडे पाहण्यात, सरस ठरला.

आणखी एक गोष्ट : सील हा प्राणी आपल्याकडे कुणी पाहिलेला नाही. सासूबाईंचे आयुष्य गोठ्यात गेले आहे, म्हणून आधी कापडी वासरू किंवा मांजर आणून पाहावे. त्यात त्यांचे मन रमले, तर सेलवर चालणारे, थोपटल्यावर गुरगुरणारे खेळण्यातले मांजर ही पुढची पायरी. ते पारोच्या मानाने फारच स्वस्त पडते. मांडीवर एकदम ठेवू नका. दिवेलागणीच्या अर्धा तास आधी जवळच्या पाटावर ठेवा, आपण स्वतः त्यावर हात फिरवा आणि त्यांनी हात पुढे करण्याची वाट पाहा. त्यांनी ते दूर सारले किंवा त्या घाबरल्या, तर मुकाट्याने उचलून ठेवावे. ते खरे आहे का असे त्यांनी विचारले, तर "खेळण्यातले आहे, पण गोड आहे ना?" असे खरे सांगावे, त्या स्वतःच खरे समजून बोलू लागल्या, तर वाद घालू नये. "म्हशी बांधायच्या राहिल्या" म्हणाल्या की अडवण्याऐवजी त्यांच्याबरोबर रिकाम्या गोठ्यापर्यंत जाऊन यावे आणि म्हशींची नावे विचारावीत. हे काम कुठलेही यंत्र करणार नाही.

तीन-चार आठवडे रोजची वेळ, चिडचिड आणि झोप वहीत लिहून ठेवा. फरक दिसला नाही, तर दिरांनी देऊ केलेल्या रकमेतून संध्याकाळी दोन तास सोबतीला एखादी ओळखीची बाई ठेवता येईल का, हे त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. त्या वेळात आपल्यालाही विसावा मिळाला पाहिजे. आपल्या स्वतःच्या मनावर ताण येत असेल, तर फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आपल्यासाठीही आहे.