आजोबांच्या नावावरची म्हाडाची भाड्याची खोली, ते वारले आणि भाडं थकलंय, तर खोली लगेच जाते का?

लगेच नाही जात हो, आधी लेखी नोटीस यायला लागते आणि तुमचं म्हणणं ऐकून घ्यायलाच लागतं. पण म्हाडा कायदा १९७६, कलम ६६ नीट बघा, दोन महिन्यांपेक्षा जास्त भाडं थकलं किंवा परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तरी बेदखल करता येतं, म्हणून आधी थकबाकी भरा आणि मृत्यू दाखला, रेशनकार्ड लावून नाव बदलायचा अर्ज द्या, पोच घ्याच. आमच्या सोलापुरात मावशीच्या दारावर नोटीस चिकटवलेली, तिनं पंधरा वर्षांच्या पावत्या चादरीच्या पिशवीत जपून ठेवलेल्या, त्याच कामी आल्या. आणि नोटीस फाडून टाकू नका प्लीज, त्यावरच्या मुदतीतच उत्तर द्यायचं असतं.