जुने दिग्गज बास्केटबॉलपटू आजच्या एनबीएत टिकले असते का?

प्रश्नात तुम्ही एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या, जुन्या खेळाडूंची विल्ट चेंबरलेन, बिल रसेल, पीट मॅराविच आणि लॅरी बर्ड अशी चार नावं घेतलीत. तुमच्या कोचचं मतही लिहिलंत, की ‘तेव्हा डिफेन्सच नव्हता, यातला एकही आज टिकला नसता’. त्या मतामुळेच मी उत्तर लिहायला बसले. कोच मंडळींनी एका वाक्यात खेळाडूवर फुली मारलेली मला सहन होत नाही. का ते आधी सांगते.

मी 1980 ते 83 नागपुरात कॉलेजच्या संघातून खेळले. मुरमाचं मैदान होतं. सकाळी सहाला आम्हीच पाणी मारायचो, आम्हीच फक्कीने रेघा आखायचो. माझी उंची पाच फूट दोन इंच. रिंगखाली गेले की दोन उंच मुली दोन्ही बाजूंनी हात वर करून उभ्या, वर बघितलं तर आभाळही दिसायचं नाही. म्हणून मी लांबून मारायला शिकले. मैदानाच्या डाव्या अंगाला विजेचा खांब होता, त्याच्या रेषेत उभं राहून रोज शंभर शॉट. दहातले चार-पाच पडायचे, आणि ते काही कमी नव्हे.

आमच्या सरांना हे अजिबात आवडायचं नाही. “लांबून फेकणं म्हणजे आळस. आत घुसायची भीती वाटते म्हणून तू तिथे उभी राहतेस,” असं सगळ्यांसमोर म्हणायचे. त्यांचं गणितही तयार असायचं: जवळून टाकला तरी दोन गुण, लांबून टाकला तरी दोनच, मग लांबून कशाला? त्या वेळच्या नियमांत हे गणित बरोबर होतं, हे मी आज मान्य करते. तेव्हा मी फक्त रडायचे.

1982 च्या आंतरमहाविद्यालयीन फायनलला पहिल्या हाफमध्ये मी खांबाच्या बाजूने चार बास्केट टाकले. (खांब अर्थात आमच्या मैदानावर होता, पण माझ्या डोक्यात तो प्रत्येक मैदानावर उभा असायचा.) पाचवा शॉट रिंगला लागून बाहेर आला, समोरच्या संघाने तो उडालेला चेंडू पकडला आणि पळत जाऊन आमच्या रिंगखालून बास्केट टाकला. सरांनी लगेच मला बाहेर काढलं. उरलेला सगळा सामना मी बेंचवर, गळ्यात टॉवेल. आम्ही तीन गुणांनी हरलो.

फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, तीन गुणांची रेघ 1984 मध्ये आणली; तिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण. ती आमच्यापर्यंत पोचली तेव्हा माझं खेळणं संपलं होतं. पुढे 87 साली माहेरी आले होते, मुलगी कडेवर. मुरमाच्या जागी सिमेंटचं कोर्ट झालेलं, त्यावर ताज्या पिवळ्या रंगाची कमान आखलेली. मी खांबाच्या रेषेत जाऊन उभी राहिले. माझी जागा कमानीच्या दीड पाऊल बाहेर होती. चार बास्केट, प्रत्येकी एक गुण जास्त. तीनने हरलेला सामना एकने जिंकला असता. मुलगी उतरायला बघत होती तरी मला तिथून हलवेना.

आता जेरी वेस्टचं ऐका. तो तुमच्या चौघांत नाही, पण त्याच काळातला. 1970 च्या एनबीए फायनलमधला तिसरा सामना, न्यूयॉर्क निक्सविरुद्ध. शेवटच्या क्षणी लेकर्सच्या वेस्टने अर्ध्या मैदानाच्याही मागून, साठएक फुटांवरून चेंडू टाकला आणि तो पडला. गुण मिळाले दोन. सामना बरोबरीत सुटून जादा वेळात गेला आणि लेकर्स हरले. एनबीएत तीन गुणांची रेघ आली 1979-80 च्या हंगामात. एबीए या प्रतिस्पर्धी लीगमध्ये ती 1967 पासूनच होती. म्हणजे कल्पना समोर होती, घेतली नाही इतकंच. तोच शॉट आज पडला तर सामना तिथेच संपतो. मग वेस्ट ‘आज टिकला नसता’ हे कोणत्या तोंडाने म्हणायचं?

मॅराविचबद्दल तर मी भांडायलाच तयार आहे. एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) कॉलेजचे तीन हंगाम खेळला, सामन्याला सरासरी 44.2 गुण. एकूण 3667, आणि त्यात तीन गुणांचा एकही नाही, कारण रेघच नव्हती. त्याच्या फिल्म बघा, शॉटमागून शॉट कुठून येतात ते बघा. त्याच्या कारकिर्दीचं शेवटचं वर्ष म्हणजे एनबीएत रेघ आली तेच वर्ष. गुडघा गेलेला, निम्मा हंगाम बेंचवर. तरी रेघेबाहेरून 15 शॉट मारले आणि त्यातले 10 पडले. पंधरा हा आकडा लहान आहे, मला माहीत आहे. पण गुडघा गेलेला माणूस, नवीकोरी रेघ, आणि पंधरात दहा! शिवाय तेव्हा ड्रिबल करणाऱ्याच्या, म्हणजे चेंडू आपटत पुढे जाणाऱ्याच्या, कमरेवर हात ठेवून त्याला अडवता यायचं. 2004 पासून रेफरी ते चालवून घेत नाहीत. तुमच्या कोचना विचारा, यात डिफेन्स कुणाचा सोपा झाला?

बर्ड त्याच 1979-80 मध्ये आला. ऑल-स्टार, म्हणजे निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्याच्या वेळची, थ्री-पॉइंट (तीन गुणांचे शॉट मारायची) स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिली तिन्ही वर्षं, 86, 87, 88, त्यानेच जिंकली. आणि अख्ख्या कारकिर्दीत त्याचे थ्री किती? 649. आजच्या पिढीतल्या स्टेफ करीने 2015-16 च्या एकाच हंगामात 402 टाकले. यावरून करी बर्डपेक्षा कितीतरी पटीने मोठा नेमबाज, असं लोक म्हणतात. करी मोठा आहेच. पण बर्डच्या पहिल्या हंगामात एक संघ सामन्यात सरासरी तीन थ्रीसुद्धा मारत नव्हता, आज पस्तीसच्या वर मारतो. तेव्हाच्या कोचना तो शॉट उधळपट्टी वाटायचा. हात होता, मुभा नव्हती.

रसेलचं थोडक्यात. 13 हंगामांत 11 अजिंक्यपदं. उंच उडीतही तो वरच्या दर्जाचा होता. ब्लॉक केलेले, म्हणजे हवेतच अडवलेले, शॉट एनबीए 1973-74 पासून मोजू लागली, तोवर तो निवृत्त झालेला, त्यामुळे ज्या कामात तो सगळ्यात मोठा त्याचा अधिकृत आकडाच नाही. आज प्रत्येक संघाला असा सेंटर (रिंगखाली खेळणारा उंच खेळाडू) हवा असतो जो बाहेर येऊन गार्डलाही, म्हणजे चपळ, बाहेरून खेळणाऱ्यालाही, अडवेल आणि परत रिंगपर्यंत पोचेल. रसेल हेच करायचा.

गेल्या दिवाळीत सरांना भेटायला गेले होते. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत, गुडघ्यांमुळे घरातच असतात. मोबाइलवर त्यांना मॅराविच दाखवला. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “याला कुणी बसवलं नाही?”

“त्याचे वडीलच कोच होते, सर.”

हे खरं आहे. एलएसयूचे कोच प्रेस मॅराविच हे त्याचे वडील. सरांनी मोबाइल जवळ घेतला, पुन्हा सुरुवातीपासून लावला. 82 च्या सामन्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. तुम्ही खेळत असाल आणि लांबून मारता येत असेल, तर कोचशी वाद घालू नका, वही ठेवा. रोज किती मारले, किती पडले, तारखेसह. माझ्याकडे वही असती तर सरांच्या गणिताला उत्तर देता आलं असतं.

आता मर्यादा. सगळे जुने टिकले असते असं मी म्हणत नाही. पन्नाशीच्या दशकातले कित्येक संथ सेंटर आज बाहेर ओढले गेले असते आणि उघडे पडले असते. मॅराविचचा डिफेन्स कच्चा होता, आजचे संघ पिक अँड रोल करून, म्हणजे एका खेळाडूला वाटेत आडवं उभं करून कुणी कुणाला अडवायचं ते बदलायला लावून, मुद्दाम आपला चांगला खेळाडू त्याच्यासमोर आणून उभा करतील. आणि मी धरून चालले आहे की त्यांना आजचे बूट, आजचे डॉक्टर, आजचा सराव मिळेल. 1962 मधून उचलून थेट आजच्या सामन्यात सोडलं तर पहिला महिना कुणालाही जड जाईल.

चेंबरलेन राहिलाच. सात फूट एक इंच, कॉलेजात अ‍ॅथलेटिक्सही केलेला. 1961-62 मध्ये त्याची सरासरी 50.4 गुणांची आणि मैदानावर 48.5 मिनिटांची, म्हणजे जादा वेळ धरून पूर्ण सामन्याहून जास्त. 2 मार्च 1962 ला हर्शीमध्ये 100 गुण केले त्या रात्री त्याचे 32 पैकी 28 फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे, कुणी न अडवता मारायचे शॉट) पडले, पण एरवी निम्मेच पडायचे. आज त्याला मुद्दाम फाउल करून रेषेवर उभं करतील. तरी तो ऑल-स्टार होईलच. 50 ची सरासरी मात्र येणार नाही, कारण आजचा कोणताही कोच त्याला 48 मिनिटं खेळवणार नाही.