सिम्फनी ऑर्केस्ट्रा सगळीकडे अडचणीत का आहेत? भारतात त्यांना भवितव्य आहे का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तरुण मंडळी ऐकत नाहीत, म्हणून मोठ्या वाद्यवृंदाने वाजवायचं हे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत संपत चाललंय का. सभागृहात पांढरे केस जास्त दिसतात हे खरं. पण माझ्या मते खरा पेच श्रोत्यांचा नाही, वादकाच्या पोटाचा आहे.

मी तज्ज्ञ नाही. मुंबईतल्या एका हौशी ऑर्केस्ट्रात काही वर्षं सेकंड व्हायोलिनच्या, म्हणजे व्हायोलिनवाल्यांच्या दुसऱ्या गटाच्या, शेवटच्या स्टँडवर बसायचो. (स्टँड म्हणजे संगीताचा कागद ठेवायची घोडी.) एका स्टँडवर दोघं, आणि आतल्या बाजूच्याने पान उलटायचं. तो मी. (माझं भरीव योगदान तेवढंच.)

बेथोवेनची पाचवी सिम्फनी घ्या (सिम्फनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना). तिचे पहिले चार स्वर ज्यांनी कधी ऑर्केस्ट्रा पाहिला नाही त्यांनाही ठाऊक असतात. तिच्यात तीन ट्रॉम्बोन, म्हणजे फुंकून वाजवायची पितळी वाद्यं, आहेत, पण ती वाजतात फक्त चौथ्या, शेवटच्या भागात. तोवर वीसेक मिनिटं ती तीन माणसं वाद्य मांडीवर ठेवून गप्प बसलेली असतात. मग जी तुटून पडतात, अंगावर काटा येतो! १८०८ साली व्हिएन्नात ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली तेव्हा ट्रॉम्बोन तीन होते, आजही तीनच लागतात. गिरणीत नवं यंत्र आलं की कमी माणसांत जास्त कापड निघतं. इथे कुणाला कमी करणार? घरभाडं आणि मुलांची फी मात्र आजच्या दराने द्यायची. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये नेमकं हेच दुखणं दाखवून दिलं होतं.

अमेरिकेत तिकिटांतून साधारणपणे निम्माही खर्च निघत नाही, बाकी सगळी भिस्त देणगीदारांवर. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासारख्या नामांकित संस्थेने २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मिनेसोटात पगारकपातीवरून वाद झाला आणि २०१२ मध्ये व्यवस्थापनाने वादकांना चक्क टाळेबंदी केली, ती सव्वा वर्षाहून जास्त चालली. टाळेबंदी हा आपल्या गिरणगावातला शब्द व्हायोलिनवाल्यांसाठी वापरावा लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. जर्मनीत ऑर्केस्ट्रांना सार्वजनिक पैसा मिळतो, तरी तिथेही २०१६ मध्ये दोन रेडिओ ऑर्केस्ट्रा एकत्र करून एक केला.

आता भारत. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढे ते परदेशी गेले. मग इथल्या वादकांना पोसलं कोणी? हिंदी सिनेमाने. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून पोरांना नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेलं संगीत, वाचायला शिकवत. तीच पोरं मुंबईत येऊन धोबीतलावच्या कुडांमध्ये (गोवेकरांच्या सामायिक खोल्यांमध्ये) राहायची आणि स्टुडिओत कागद समोर ठेवला की वाजवायची. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही त्यांतली मोठी नावं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते गोन्साल्विस यांच्याकडेच.

माझे सर याच पिढीतले. ते सांगायचे, "रात्री फोन यायचा, उद्या नऊला ताडदेव. कोट इस्त्री करून ठेवायचो." मग सिंथेसायझर आला. वीस व्हायोलिनचा आवाज एका कीबोर्डमधून निघायला लागला आणि नव्वदच्या दशकात फोन यायचेच बंद झाले. सर शिकवण्यांवर आले. त्यांच्या दोन्ही मुलांनी व्हायोलिन शिकून सोडलं, आणि सरांनीही आग्रह धरला नाही.

म्हणून २००६ मध्ये मुंबईच्या एनसीपीएत (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, तेव्हा संगीत दिग्दर्शक मारात बिसेंगालिएव कझाकस्तानचे आणि वादकही मोठ्या संख्येने तिकडचेच. यावर नाकं मुरडणारे भेटतात. पण इथे बसून वाजवणारे कुठून आणणार? (बसून म्हणजे ते लांबलचक लाकडी वाद्य, खाली बसून नव्हे.) ते घ्यायला काही लाख लागतात आणि शिकल्यावर नोकरी देणारं जवळपास कोणी नाही. आमच्या हौशी ऑर्केस्ट्रात मोत्झार्टची ४०वी सिम्फनी बसवली तेव्हा दोन्ही बसूनच्या ओळी एका काकांनी कीबोर्डवर वाजवल्या. ज्या यंत्राने सरांचं काम गेलं, त्याच्याच सोबतीने सर पहिल्या स्टँडवर व्हायोलिन वाजवत होते. तालीम संपल्यावर म्हणाले, "सुरात तरी होता."

भवितव्याचं म्हणाल तर २०१२ पासून एनसीपीएतच मुलांसाठी संगीत अकादमी चालते, गोव्यात 'चाइल्ड्स प्ले' ही संस्था २००९ पासून गरीब घरच्या मुलांना व्हायोलिन, चेलो शिकवते. मुलं मिळतात, हुशारही असतात. दहावी आली की क्लास सुटतो. आई-बाप विचारतात, पुढे पगार किती? त्यांना सांगायला आज आकडा नाही.