आधी ती मुदत मागे घ्या

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बारावीत आहे. तिला चक्रीवादळांच्या तीव्रतेचा अभ्यास करायचाय, म्हणजे ती कधी जोर धरतात, कधी क्षीण होतात आणि ते आधी कसं ओळखायचं. तुमच्या मते तिने कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करावं. ‘रविवारपर्यंत ठरव, नाहीतर फीचं तुझं तू बघ’ असं तुम्ही तिला सांगितलंत, आणि आता मी तिची समजूत काढावी अशी तुमची अपेक्षा आहे.

मी ती काढणार नाही. फीची भीती घालून मिळवलेल्या होकारावर चार वर्षांचं शिक्षण उभं राहत नाही. दुसऱ्या वर्षाला विषय राहिलेली आणि घरी सांगायला घाबरणारी मुलं माझ्याकडे येतात. त्यांच्याशी बोलताना बहुतेक वेळा अशीच एखादी मुदत निघते. तुमच्या पत्रात दहावीपासूनच्या सराव परीक्षांचेही गुण आहेत; तिला हा विषय का आवडतो याबद्दल मात्र एक ओळही नाही. तुम्ही विचारलंय का तिला?

एक गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीत. अटलांटिकमध्ये हरिकेन, म्हणजे तिकडचं तीव्र चक्रीवादळ, उठलं की ती रोज वहीत त्याच्या वाऱ्याचा वेग लिहिते, उद्याचा अंदाज बांधते आणि दुसऱ्या दिवशी चूक किती झाली तेही नोंदवते. ‘अंदाज चुकतातच, तरी वेळ घालवते,’ असं तुम्ही म्हणता. अहो, हाच तर या कामाचा कणा आहे! अमेरिकेतल्या मायामीचं राष्ट्रीय हरिकेन केंद्र दरवर्षी स्वतःच्या अंदाजांतल्या चुका मोजून जाहीर करतं. स्वतःची चूक न लपवता लिहून ठेवणारी बारावीतली मुलं मला फार थोडी भेटली आहेत.

‘उपग्रह सगळं दाखवतात, उरलेलं एआय करेल, मग या विषयात राहिलंय काय?’ हा तुमचा समज मात्र खोडायलाच हवा. वादळ कुठे जाणार हे भोवतालच्या मोठ्या वाऱ्यांवर ठरतं, म्हणून मार्गाचे अंदाज गेल्या काही दशकांत खूप सुधारले. जोर किती धरणार, हे मात्र वादळाच्या डोळ्याभोवतीच्या, म्हणजे मधल्या शांत भागाभोवतीच्या, ढगांच्या भिंतीत, खालच्या पाण्यात किती खोलवर उष्णता आहे त्यावर, आणि वरच्या व खालच्या थरांतल्या वाऱ्यांत किती तफावत आहे त्यावर ठरतं. उपग्रहाला मुख्यतः ढगांचे माथे दिसतात. आतला वारा मोजायला आजही विमानं वादळात शिरतात आणि उपकरणं खाली सोडतात. २३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री ‘ओटिस’ नावाचं वादळ हरिकेनसुद्धा नव्हतं. २५ तारखेला मध्यरात्रीनंतर ते पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या, श्रेणीचं होऊन मेक्सिकोतल्या अकापुल्कोजवळ धडकलं, आणि एवढी झेप अंदाज बांधणाऱ्या प्रमुख संगणकीय मॉडेलांनी दाखवलीच नव्हती. क्षीण होण्याचंही तितकंच अवघड आहे. कधी बाहेर नवी भिंत तयार होते, आतली विरते. कमाल वेग उतरतो, पण वाऱ्याचा घेर वाढतो. २००५ मध्ये ‘कतरिना’ पाचव्या श्रेणीवरून तिसऱ्यावर उतरून किनाऱ्याला लागलं, तरी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर समुद्र सुमारे आठ मीटर चढला. वेग घटला म्हणजे धोका टळला, असं मानणं जिवावर बेततं. एआयची मॉडेलं मार्ग छान सांगू लागली, पण त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांना जोराचा अंदाज बांधणं जड गेलंय. इथे माणसं हवी आहेत, भौतिकशास्त्र पक्कं असलेली आणि प्रोग्रॅमिंग येणारी.

मार्ग सरळ आहेत: भौतिकशास्त्र किंवा गणितात बी.एस्सी., मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी.; नाहीतर इंजिनीअरिंग, मग गेट ही परीक्षा आणि वातावरणशास्त्रात एम.टेक. म्हणजे इंजिनीअरिंगनेही ही वाट बंद होत नाही, तिने ते मनापासून निवडलं तर.

आता थोडं तिच्यासाठीही, कारण तिला गोंजारणं हे माझं काम नाही. या क्षेत्रात जागा कमी आहेत, शिक्षण लांबतं, संशोधनाची स्थिर नोकरी मिळायला उशीर होतो. आणि गणितात ६८ चालणार नाहीत. कलन आणि अवकल समीकरणं टाळून वादळाच्या भिंतीत कोणालाच शिरता येत नाही. वादळांचं वेड कितीही खरं असलं तरी. हे ऐकून ती मागे हटली तर तोही तिचा निर्णय असेल, आणि मी त्याला चूक म्हणणार नाही.

तुम्ही आज घरी गेल्यावर रविवारची अट मागे घ्या, तिच्यासमोर, स्पष्ट शब्दांत. बारावीची परीक्षा होईपर्यंत हा विषय तुमच्याकडून निघू नये. मला पुढचं पत्र तिने लिहावं, तुम्ही न वाचता पाठवावं. त्यात वादळांबद्दल नंतर लिही म्हणावं. परीक्षेपर्यंत गणिताचं काय करणार, ते आधी.