कमिशन शून्य आहे, पण गाडी अडली कुठे?

‘‘सहा महिने झाले, 43 लेख टाकले. काल मेल आला, खातं बंद केलं म्हणून. म्हणजे आता त्यांनीच सांगितलं ना, की हे माझ्याच्याने व्हायचं नाही?’’

पहिल्या भेटीत ती खुर्चीत टेकते न टेकते तोच हे बोलून गेली. वय तिशीतलं. दिवसा नोकरी, रात्री दोन-अडीच तास स्वतःच्या ॲफिलिएट साइटचं काम, म्हणजे लेखांत दुकानाच्या लिंक द्यायच्या आणि त्यांवरून विक्री झाली की कमिशन मिळवायचं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) फोन टेबलावर उपडा ठेवला होता, पण पंधरा मिनिटांत दोनदा उचलून तिने कमिशनचा रिपोर्ट उघडून पाहिला. बंद झालेल्या खात्याचा.

पहिली ॲफिलिएट साइट काढलेली जी माणसं समुपदेशनाला येतात, त्यांतल्या बहुतेकांचं गाऱ्हाणं हेच असतं. एवढं राबलो, हाती काही नाही, दोष माझ्यातच आहे का? दोष कुणाचा यावर तासभर बोलता येतं, पण त्यातून काही निघत नाही. आधी मेल वाचून घेतला.

मेलमध्ये तिच्याबद्दल एक अक्षर नव्हतं. नवीन खात्याला ठरावीक मुदतीत ठरावीक विक्री दाखवावी लागते, ती दिसली नाही की खातं आपोआप मिटतं. ॲमेझॉन असोसिएट्समध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या कमिशन कार्यक्रमात, ही अट 180 दिवसांत किमान 3 पात्र विक्रींची आहे, आणि खातं मिटलं तरी पुन्हा अर्ज करता येतो. गोम अशी की मुदत मोजायला सुरुवात होते ती अर्ज केल्या दिवसापासून. तिने साइटवर पाच लेख असताना अर्ज केला होता. वाचक नव्हते, पण घड्याळ चालू झालं. शेवटच्या आठवड्यात घाबरून तिने बहिणीला लिंकवरून दोन वस्तू घ्यायला लावल्या. त्या ऑर्डरी ग्राह्य धरल्या गेल्या नाहीत. स्वतःसाठी केलेली खरेदी किंवा ‘मला मदत म्हणून घ्या’ अशी गळ घालून झालेली खरेदी बहुतेक कार्यक्रमांच्या नियमात बसत नाही.

‘‘म्हणजे मला नापास केलेलं नाही?’’

‘‘परीक्षेला बसण्याआधीच वेळ संपली. आता लॅपटॉप उघडा. कमिशनचा रिपोर्ट नको, गूगल सर्च कन्सोल. आपली पानं गूगलच्या शोधात कुठे दिसतात ते तिथे कळतं.’’

कमिशनचा आकडा ही साखळीची शेवटची कडी असते. पान गूगलच्या यादीत शिरतं, मग शोधणाऱ्याला दिसतं, मग तो त्यावर क्लिक करून साइटवर येतो, तिथून दुकानाच्या लिंकवर जातो आणि शेवटी विकत घेतो. या पाचांपैकी कुठलीही कडी तुटली तरी शेवटी दिसतं तेच शून्य. उपाय मात्र प्रत्येक कडीचा निराळा. लेख यादीतच शिरला नसेल, तर खरेदीच्या बटणाचा रंग बदलून काय होणार? तिने मात्र महिनाभर बटणांचेच रंग बदलले होते.

सर्च कन्सोलमध्ये चित्र असं होतं. 43 पैकी 17 पानं यादीत. उरलेल्यांसमोर बहुतेक ठिकाणी ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ असा शेरा, म्हणजे गूगल येऊन वाचून गेलं, पण ठेवून घ्यावंसं वाटलं नाही. गेल्या तीन महिन्यांत साइट शोधात दिसली 2,100 वेळा, सरासरी स्थान 58, म्हणजे सहावं पान. क्लिक 14.

इथे कागदावर एक हिशेब मांडला. समजा शंभरातले दहा वाचक दुकानाच्या लिंकवर जातात आणि त्या दहातला एक जण खरेदी करतो. आकडे नुसते धरून चाललेले, साइटगणिक बदलतात. तरीसुद्धा 14 वाचकांतून दुकानाच्या दारापर्यंत पोहोचणार एखाद-दुसरा. विक्री शून्य येणं हा इथे सरळ गणिताचा भाग आहे. तिने कागद आपल्याकडे ओढला, पुन्हा मोजलं, आणि फोन पर्समध्ये टाकला.

मग तिला त्या 14 क्लिकचे शोधशब्द पाहायला सांगितले. हेडफोन, पॉवर बँक, स्मार्टवॉच यांवरच्या 36 लेखांना मिळून क्लिक होते तीन. उरलेले 11 एकाच पानाचे. शिलाई मशीनवर शिवताना कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता का होतो, यावर तिने एका रात्री वैतागून लिहिलेलं चारशे शब्दांचं टिपण. त्यात एकही लिंक नव्हती. ‘‘तो तर वेळ वाया घालवला होता,’’ ती म्हणाली.

विषय निवडताना तिने ‘कमिशन कुठे जास्त’ अशी यादी पाहिली होती. नवशिक्याच्या हातून होणारी ही सगळ्यांत महाग चूक, कारण ती सहा महिने उलटेपर्यंत कळत नाही. ज्या शोधशब्दांवर मोठमोठ्या साइट्स वर्षानुवर्षं बसलेल्या आहेत तिथे नव्या साइटला उभं राहायलाही जागा मिळत नाही. शिवाय हेडफोन तिने हाताळलेलेच नव्हते. कंपनीच्या पानावरची माहिती घेऊन, थोडी इकडची थोडी तिकडची करून लिहिली होती. गूगलने 2022 च्या डिसेंबरमध्ये शोधनिकालांचा दर्जा तपासणाऱ्या माणसांसाठीच्या मार्गदर्शिकेत ‘प्रत्यक्ष अनुभव’ हा निकष जोडला, आणि 2024 च्या मार्चमध्ये नुसती भरताड पानं पाडण्याविरुद्ध धोरण कडक केलं. ती माणसाने पाडली की यंत्राने, याला तिथे महत्त्व नाही.

विषयाची एक साधी चाचणी आहे. इंटरनेट बंद ठेवायचं, वही घ्यायची आणि त्या विषयातले लोकांना पडणारे प्रश्न वीस मिनिटांत लिहायचे. तीसच्या आसपास गेले तर विषय आपला. हेडफोनवर ती सहाला अडकली. शिवणकामावर 34 झाले आणि शेवटचे काही तिने समासात लिहिले.

पुढच्या भेटीचा विषय होता 36 लेखांचं काय करायचं. इथे तांत्रिक उत्तर सोपं, पण माणसाला जड जातं. रात्री जागून लिहिलेलं पुसायचं म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले, आणि ते साहजिकच होतं. म्हणून लगेच काहीच पुसलं नाही. सगळे लेख आधी ड्राफ्टमध्ये टाकले, प्रत संगणकावर उतरवून घेतली आणि दोन आठवडे तसेच ठेवले. ड्राफ्ट केलं की पान वाचकांना दिसत नाही, आणि हवं तेव्हा परत आणता येतं. पंधरा दिवसांनी तिनेच सांगितलं की एकाही लेखाची आठवण आली नाही. शिवणकामाचे सात लेख होते. त्यांत दोन एकाच प्रश्नावर, एकमेकांच्या वाटेत येणारे. ते एकत्र करून जुन्या पत्त्यावरून नव्यावर 301 रिडायरेक्ट लावलं, म्हणजे जुना पत्ता उघडला तरी वाचक आपोआप नव्यावर जातो. 43 ची साइट 6 लेखांची झाली.

पुढच्या बारा आठवड्यांसाठी बारा लेख ठरले, आठवड्याला एक. आठ अडचणी सोडवणारे, चार खरेदीला मदत करणारे. नवी साइट ‘सर्वोत्तम दहा’ छापाच्या लेखांनीच भरली की गूगलला ती दुकानाची पाटी वाटते आणि वाचकालाही. अडचणीच्या लेखातून खरेदीच्या लेखाकडे एक दुवा द्यायचा, तोही जिथे वाचकाला खरोखर गरज पडेल त्या ओळीवर.

आता ते दोऱ्याच्या गुंत्याचं टिपण. तेच आधी सुधारायला घेतलं, कारण एका शोधशब्दावर ते 19 व्या स्थानी होतं. दुसऱ्या पानावरून पहिल्यावर येणं सहाव्यावरून येण्यापेक्षा कितीतरी सोपं. मूळ लेखात आधी शिलाई मशीनचा इतिहास होता, उत्तर शेवटच्या परिच्छेदात. नव्या लेखात ते पहिल्या तीन ओळींत आलं: प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर उचला, वरचा दोरा पूर्ण काढा, पुन्हा ओवा. मग कारण. फूट खाली असताना दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात. तेव्हा दोरा ओवला तर तो त्यांच्यामध्ये बसत नाही, वरूनच जातो. वरच्या दोऱ्याला ताणच नाही, म्हणून तो सैल होऊन खाली ओढला जातो आणि गुंता दिसतो कापडाखाली. लोक मात्र बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) काढून तीच उलटसुलट करत बसतात, कारण गाठ तिकडे दिसते. ही एक ओळ हजार शब्दांच्या लेखालाही तोलून धरते. ज्याने स्वतः तासभर बॉबिन उपसली आहे त्यालाच ती सुचते.

तरीही गुंता राहिला तर सुई बदला, असं पुढे. सुती कापडाला 80/12 किंवा 90/14 (हे सुईच्या जाडीचे क्रमांक), जीन्सला 100/16, ताणणाऱ्या विणीच्या कापडाला गोल टोकाची 75/11. आणि इथे, याच ओळीवर, सुयांच्या मिश्र पाकिटाची लिंक. तिला तिथे नवीन मशीनची लिंक द्यायची होती, कारण कमिशन मोठं. पण ज्याचा दोरा गुंतलाय तो त्या क्षणी मशीन घ्यायला आलेला नसतो. त्याला मशीन दाखवलं की तो ओळखतो, आपल्याला गिऱ्हाईक समजलंय.

खरेदीच्या चार लेखांसाठी एक अट होती: प्रत्येक मशीनखाली ‘हे कुणी घेऊ नये’ असा परिच्छेद हवाच. दोन मशीन तिने स्वतः वापरली होती, त्यांचे फोटो तिने स्वतः काढले. तिसरं हाताळलं नव्हतं, तर तसं लेखातच लिहिलं. दुकानाच्या पानावरचे फोटो उचलायचे नाहीत. किंमतही हाताने टाकायची नाही. ती बदलते, आपली जुनीच राहते, आणि काही कार्यक्रमांत तो नियमभंगच धरला जातो. ‘या लिंकवरून खरेदी झाली तर मला कमिशन मिळतं’ ही ओळ पहिल्या लिंकच्या आधी, साध्या भाषेत. तिने ती तळाला बारीक अक्षरात ठेवली होती. लाज वाटते म्हणाली. वर आणली. लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ हा गुणधर्म लावायचा, म्हणजे ती पैशांसाठीची लिंक आहे हे गूगलला कळतं. गूगलने तो 2019 मध्ये आणला, आणि बहुतेक लिंक प्लगइनमध्ये (प्लगइन म्हणजे साइटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) एका टिकमार्कवर लागतो.

तांत्रिक बाजू आटोपशीर होती. 23 प्लगइन, त्यांत कॅशचे, म्हणजे पान लवकर उघडावं म्हणून त्याची प्रत साठवणारे, दोन, एकमेकांशी भांडणारे. सात ठेवले. फोटो फोनमधून थेट चढवलेले, एकेक चार एमबीचा. रुंदी 1200 पिक्सेल, वेबपी हा हलक्या फोटोंचा फॉरमॅट, वजन 150 केबीच्या आत, असं केल्यावर मोबाइलवर पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत उघडू लागला. गूगलच्या मोजमापात चांगल्या पानासाठी हीच मर्यादा आहे. वर्डप्रेस या साइट बांधायच्या सॉफ्टवेअरच्या ‘रीडिंग’ सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना परावृत्त करणारा एक चौकोन असतो, तोही तपासला. तिच्याकडे रिकामा होता. साइट बांधताना टिक केलेला तो चौकोन महिनोन्‌महिने तसाच राहिलेली माणसंही येतात.

खातं लगेच पुन्हा उघडायचं नाही असं ठरलं. तोवर दुकानाच्या साध्या, कमिशन नसलेल्या लिंका दिल्या. गूगल ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवरचे वाचक मोजणाऱ्या साधनात, ‘एन्हान्स्ड मेजरमेंट’ चालू असेल, तर बाहेरच्या लिंकवरचे क्लिक आपसूक मोजले जातात. आठवड्याला 25-30 जण दुकानाकडे जाऊ लागले की अर्ज. मग 180 दिवसांची भीती उरत नाही.

सगळ्यांत अवघड गेलं ते रिपोर्ट न पाहणं. ती दिवसातून वीसेक वेळा पाहायची, रात्री उठूनही. ठरलं असं: सर्च कन्सोल सोमवारी सकाळी, वीस मिनिटं, आणि बघायचं एवढंच की कुठलं पान आठव्या ते विसाव्या स्थानात आलंय. त्या आठवड्यात नवा लेख लिहायच्या आधी त्या पानाची डागडुजी. पहिल्या आठवड्यात तिने चार वेळा नियम मोडला आणि येऊन प्रामाणिकपणे सांगितलं. फोनवरचं ॲप काढलं, तेव्हा जमलं. उत्पन्नाचे स्क्रीनशॉट दाखवणारे व्हिडिओही याच काळात बंद केले. एक महागडा कोर्स घेण्याच्या बेतात ती होती, तोही राहिला. त्या स्क्रीनशॉटवर खर्च दिसत नाही आणि आधीची मेलेली पाच पानंही दिसत नाहीत.

गुंत्याचं पान दहा आठवड्यांत सहाव्या स्थानावर आलं. चौथ्या महिन्यात तिने पुन्हा अर्ज केला, पाचव्यात तीन विक्री झाल्या. पहिली होती सुयांचं पाकीट, कमिशन हसू यावं इतकं. पण त्याच ऑर्डरीत वाचकाने कुत्र्याचा पट्टाही घेतला होता, आणि त्याचंही कमिशन जमा झालं. लिंकवरून गेलेला माणूस मुदतीत जे घेईल त्यातलं बरंचसं मोजलं जातं, ॲमेझॉनकडे ही मुदत साधारण 24 तासांची.

शेवटच्या भेटीत तिने तो रिपोर्ट छापून आणला होता. ‘‘पट्ट्याचं कमिशन सुयांपेक्षा जास्त आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मग कुत्र्यांवरही लिहू का?’’

उत्तर द्यायची वेळ आली नाही. तिलाच हसू फुटलं, आणि तिने पर्समधून प्रश्नांची वही काढली. 34 पैकी 15 वर काट मारलेली होती.