डॅशबोर्डमागचा डबा: गाडीच्या स्क्रीनविषयी वाचकांचे प्रश्न

गाडीत वायरचा कारप्ले (आयफोन गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) आहे, पण दर वेळी केबल लावायचा कंटाळा येतो. वायरलेस अडॅप्टर घ्यावा की एआय बॉक्स? (नाशिक)

दोन्ही एकाच यूएसबीला लागतात, म्हणून दुकानातही गल्लत होते. अडॅप्टर हा दुभाषा आहे. गाडीला तो केबलने जोडलेला आयफोन वाटतो आणि आयफोनला वायरलेस कारप्ले असलेली गाडी. ओळख ब्लूटूथवर पटते, पुढचं सगळं वायफायवरून चालतं. गाणं बदलल्यावर आवाज किंचित उशिरा येतो तो यामुळेच. तो बिघाड नव्हे. एआय बॉक्स म्हणजे बिनस्क्रीनचा अँड्रॉइड टॅब. त्याला इंटरनेट वेगळं द्यावं लागतं आणि वीजही जास्त लागते. फक्त केबलची कटकट नको असेल तर अडॅप्टर पुरे.

बॉक्स घेतलाच आणि तो मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होत राहिला, तर आधी वीज तपासा. कित्येक गाड्यांचा डेटा यूएसबी जेमतेम अर्धा अँपिअर देतो. अशा वेळी दोन तोंडांची केबल वापरून एक तोंड १२ व्होल्ट सॉकेटमधल्या चार्जरला लावायचं.

नवा अँड्रॉइड स्टिरिओ कॅनबस (गाडीतल्या यंत्रणांचे संदेश वाहणारं जाळं) बॉक्ससह बसवला. तेव्हापासून गाडी तीन दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही. बॅटरी नवीन आहे. (सांगली)

बॅटरी बदलू नका, तिचा दोष दिसत नाही. बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंना पिवळी वायर कायम बॅटरीची, लाल किल्लीची आणि काळी अर्थची असते. बऱ्याच नव्या गाड्यांत मात्र स्टिरिओच्या कपलरवर (वायरी जोडणाऱ्या प्लगवर) किल्लीची वायरच नसते. किल्ली फिरवल्याची बातमी संदेशाच्या रूपात कॅनबसच्या दोन पिळलेल्या तारांवरून येते. तो संदेश वाचून लाल वायरीवर १२ व्होल्ट सोडणं हे त्या छोट्या कॅनबस बॉक्सचं काम. फिटरला किल्लीची वायर सापडली नाही की तो लाल आणि पिवळी एकत्र पिळतो. स्टिरिओ चालू होतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, पण तो स्टिरिओ नीट झोपतच नाही.

हिशोब करून बघा. समजा अर्धा अँपिअर सतत जातोय, तर दिवसाला १२ अँपिअर-तास झाले. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ ची. तीन दिवस म्हणजे तुम्ही सांगता तेवढेच!

परवाच असा एक डॅशबोर्ड उघडला. कपलर कापून टाकलेला, सांधे नुसते पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली. उन्हानं पट्टीचा डिंक सुटून बोटाला चिकटत होता आणि तांबं उघडं पडलं होतं. अशा कामाचा मला मनापासून राग येतो, कारण कापलेला मूळ कपलर पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. तुमच्या मॉडेलचं कपलर-टू-कपलर वायरिंग मागा, ते मिळेपर्यंत थांबा.

तपासणी अशी: गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, मग ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीच्या निगेटिव्हला मल्टीमीटर सिरीजमध्ये लावून घ्या. साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत आकडा हवा. जास्त असेल तर स्टिरिओचा फ्यूज काढा. आकडा झर्रकन खाली आला तर चोर तिथेच. वायरी बरोबर असल्या तर स्टिरिओच्या फॅक्टरी सेटिंगमध्ये कॅनबससाठी गाडीचं भलतंच मॉडेल निवडलेलं नाही ना, तेही बघा.

चालत्या गाडीत स्क्रीनवर व्हिडिओ दिसावा यासाठीचं मॉड्यूल कोणतं चांगलं? (पिंपरी)

मी एकही सुचवणार नाही. वेगाचा संदेश अडवून 'गाडी उभी आहे' असं स्क्रीनला खोटं सांगणं, एवढंच ते करतं. काही गाड्यांत कंपनीचा नकाशाही त्याच वेगावर विसंबून असतो. मग बोगद्यात जीपीएस गेलं की नकाशावरची गाडी जागीच थांबते. ताशी ८० ला दोन सेकंद नजर हटली तर गाडी ४४ मीटर पुढे गेलेली असते. मुलांसाठी हवं असेल तर मागे हेडरेस्टला टॅब लावा.

२०१३ ची बीएमडब्ल्यू ३ सिरीज आहे. मूळ स्क्रीन ठेवून कारप्ले मिळेल? (ठाणे)

मिळेल, आणि तुमच्या जागी मी हेच केलं असतं. व्हिडिओ इंटरफेस हा डबा मूळ युनिट आणि स्क्रीन यांच्यामधल्या केबलवर बसतो आणि कुठलं चित्र दाखवायचं ते ठरवतो. आयड्राइव्हचं (बीएमडब्ल्यूच्या स्क्रीन-यंत्रणेचं) बटण दाबून ठेवलं की चित्र बदलतं. खरा प्रश्न आवाजाचा. तो सहसा ऑक्समधून (बाहेरच्या उपकरणाचा आवाज घेणाऱ्या सॉकेटमधून) जातो, त्यामुळे गाडीत ऑक्स आहे का, हे पैसे देण्याआधी पाहा. फोनवर बोलण्यासाठी वेगळा माइक लावून घ्या. स्क्रीनमागच्या प्लगची जातही डब्याशी जुळायला हवी, म्हणून विक्रेत्याला त्याचा फोटो पाठवा.

स्टिरिओ बदलल्यापासून कंपनीचा रिव्हर्स कॅमेरा काळा दिसतो. (मडगाव)

काही कंपन्यांचे मूळ कॅमेरे ६ व्होल्टवर चालतात. फिटरनं सवयीनं १२ दिले असतील तर कॅमेरा जळालेला असू शकतो. आजच ती वायर सोडवा, व्होल्टेज मोजून घ्या आणि तुमचा कॅमेरा ६ व्होल्टचा असेल तर मध्ये ६ व्होल्टचा कन्व्हर्टर टाका. त्यानंतरही चित्र आलं नाही तरच नवा कॅमेरा घ्या.