सिम८००एल (सिम घालून कॉल-एसएमएस करणारं छोटं टूजी मॉड्यूल) नेटवर्क शोधता शोधता रीस्टार्ट होतं, मल्टीमीटर तर ४.१ व्होल्ट दाखवतोय. मॉड्यूल खराब आहे का?

नाही हो, मॉड्यूल बहुतेक चांगलं आहे, नवीन मागवू नका. तुम्ही लिहिलंय की अर्डुइनोच्या (छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या) ५ व्होल्ट पिनवरून डायोड टाकून सप्लाय दिलाय, तीच गडबड आहे, फक्त मल्टीमीटरला ती दिसत नाही.

टूजीवर मॉड्यूल सलग ट्रान्समिट करत नाही. ४.६१५ मिलीसेकंदाची फ्रेम, तिचे आठ स्लॉट, कॉलवर आपल्या वाट्याला त्यातला एक म्हणजे ५७७ मायक्रोसेकंद, तेवढ्यात हा पठ्ठ्या २ अँपपर्यंत ओढतो आणि परत गप्प, असं सेकंदाला २१७ वेळा. (पूर्वी मोबाइल स्पीकरजवळ ठेवला की टर्र टर्र यायची ना, ती हीच.) मल्टीमीटर याची सरासरी दाखवतो, पण व्होल्टेजचा एखादा खड्डा ३.४ व्होल्टच्या खाली गेला की खेळ खल्लास, मॉड्यूल रीस्टार्ट.

मी गावाकडच्या विहिरीवरच्या मोटरसाठी याच मॉड्यूलवर स्टार्टर बनवला होता, फ्लॅटमध्ये टेबलावर पंधरा दिवस मस्त चालला आणि शेतात अर्धा तास पण टिकला नाही. फ्लॅटसमोर टॉवर, तिथे कमी पॉवरवर भागत होतं, शेतात रेंज एक काडी म्हणून पूर्ण २ वॉट फेकत होतं, त्यात मी वायर घातलेली बारीक आणि दीड मीटर लांब. वायर आणि जोड मिळून ०.१५ ओहम धरला तरी २ अँपला ०.३ व्होल्ट गेलेच की.

सगळे सांगतात १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव. लावा, पण हिशोब करा: सगळा भार त्याच्यावरच टाकला तर एका बर्स्टमध्ये (त्या ५७७ मायक्रोसेकंदांत) १ व्होल्टपेक्षा जास्त उतरतो. म्हणजे मूळ सप्लायच २ अँप देणारा पाहिजे. १२ व्होल्टवरून एलएम२५९६ चा बक (व्होल्टेज कमी करणारा कन्व्हर्टर) घ्या, आधी ४.० वर सेट करा आणि मगच मॉड्यूल जोडा (४.४ च्या वर गेलं की जळू शकतं, मी एक जाळलंय). वायर जाड आणि बोटभर, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर अगदी पिनांना चिकटून, ब्रेडबोर्ड नको. अर्डुइनोशी ग्राउंड कॉमन हवाच पण मॉड्यूलची ग्राउंड वायर थेट बककडे न्या.

स्कोप (ऑसिलोस्कोप, खड्डे दाखवणारं यंत्र) नसेल तर मॉड्यूलच्या सीरियल पोर्टवर येणाऱ्या मेसेजवर लक्ष ठेवा, मॉड्यूल कधीकधी मरायच्या आधी स्वतःच अंडर-व्होल्टेज वॉर्निंग टाकतं, त्यातल्या वॉर्निंगच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक एन जास्त असतो, तो तुमचा टायपो नाही.